पाच गाणी, तीन आठवडे आणि काळी दोन

प्रश्न विचारणारा मुलगा खानापूर तालुक्यातला आहे, वय बावीस. मध्यमा पूर्णच्या परीक्षेपर्यंत पेटी शिकलाय, गावच्या भजनी मंडळात सहा वर्षं साथ करतोय, तीन वर्षांपूर्वी कीबोर्ड घेतलाय. बेळगावातल्या एका जुन्या, नाव असलेल्या ऑर्केस्ट्राने त्याला तीन आठवड्यांनी, रविवारी, ऑडिशनला बोलावलंय. पाच गाणी दिलीत: दोन मराठी, दोन हिंदी, एक कन्नड. त्याचं विचारणं असं, की गाणी रेकॉर्डसारखी बसवली की पुरे का, ऐनवेळी गायकाने स्केल बदलला तर काय करायचं, आणि 'कन्नड बोलतो, समजतं, पण गाणं कधी वाजवलं नाही' याचं काय.

मी पंचवीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय आणि गेली दहा-बारा वर्षं नवीन पोरांच्या ऑडिशनलाही बसतोय. तेव्हा आधी माझी स्वतःची पहिली ऑडिशन कशी गेली ते सांगतो, तुझ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

वडगावात एका घराच्या माडीवर तालीम चालायची. शेजारी यंत्रमाग, त्यामुळे सम कुठली आणि मागाचा ठोका कुठला हेच पहिल्यांदा कळेना. पहिलं गाणं मी घरी पांढरी एकवर, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी सा धरून, बसवलेलं. गायक म्हणाला, "काळी दोनवर घे." मी मोठ्या ऐटीत ट्रान्सपोज, म्हणजे बोटं तीच ठेवून आवाज वर-खाली नेणारं बटण, अधिक तीन केला, बोटं पांढरी एकवरच ठेवली आणि गाणं छान वाजवलं. लगेच दुसरं गाणं सुरू. ते मी घरी पांढरी चारवरच बसवलं होतं, पांढरी चारवरच गायचं होतं, म्हणून निर्धास्त होऊन इंट्रो सुरू केला. बटण अधिक तीनवर तसंच राहिलेलं. म्हणजे माझी बोटं पांढरी चारवर आणि आवाज काळी चारचा. बेस गिटारवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी हात उचलले, "सॉरी, सॉरी" म्हणालो, बटण शून्यावर आणलं आणि विचारलं, पहिल्यापासून घेऊ का?

ढोलकीवाले मामा ठेका न सोडता म्हणाले, "थांबलास कशाला बे? जत्रेत लोक थांबत्यात काय?"

मला घेतलं नाही. चुकीचा स्वर लागला म्हणून नाही घेतलं, असं नव्हतं, हे मला पुढे ऑडिशन घ्यायला लागल्यावर कळलं. चूक झाल्यावर बाकीचे चौघे काय वाजवतायत ते मी ऐकलंच नाही. गाणं चालू होतं, मीच एकटा थांबलो होतो. जुना बँड नवीन माणूस घेताना हेच बघतो. त्यांच्याकडे गाणी बसलेली असतात, गायक ठरलेले असतात, एकमेकांच्या खोडी पाठ असतात. त्या चालत्या गाडीत तुला चढायचंय. तू किती जोरात पळतोस याचं त्यांना कौतुक नाही. तू ऐकतोस का, एवढंच ते बघणार.

आता तयारी.

गाण्यांना हात लावायच्या आधी बोलावणाऱ्याला एक फोन कर आणि सगळं एकदाच विचारून घे. पाचही गाणी कोण गाणार, पुरुष की बाई, आणि त्यांचा स्वर कोणता? दुसरा कीबोर्ड आहे का? बेस गिटार आहे का, की बेसही कीबोर्डवरच? ताल ऑक्टापॅडवर की ढोलकी-तबला जिवंत? कीबोर्ड स्वतःचा आणायचा का? आणि आधीचा माणूस का गेला, हेही जमल्यास विचार. तो गोव्याच्या हॉटेलात कायमचा लागला असेल तर एक गोष्ट, 'लई वाजवत होता' म्हणून काढला असेल तर दुसरी. दुसऱ्या उत्तरात तुझा अर्धा अभ्यासक्रम आला.

मग त्यांचा एखादा कार्यक्रम प्रत्यक्ष ऐकून ये. मोबाइलवरच्या चित्रफिती बघच, पण त्यात कीबोर्ड धड ऐकू येत नाही. कार्यक्रमात पुढच्या खुर्च्यांवर बसू नकोस, साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी उभा राहा, तिथून सगळे दिसतात. दुसऱ्या अंतऱ्याआधीचं म्युझिक पूर्ण वाजवतात की निम्मं कापतात? शेवट मुखड्याच्या तीन आवर्तनांवर की एकदम कट? इशारा कोण देतो? आमच्याकडे मिटलेली मूठ म्हणजे कट, बोट गोल फिरवलं की परत एकदा, डोक्याला हात लावला की मुखडा. दुसऱ्या बँडचे इशारे वेगळे असू शकतात, म्हणून बघून यायचं. रेकॉर्ड हुबेहूब बसवून येणारी पोरं इथंच अडकतात: रेकॉर्डमध्ये सोळा बारचं म्युझिक असतं, बँड आठ बारमध्ये अंतऱ्यावर येतो, आणि पोरगं एकटंच उरलेले आठ बार इमानदारीने वाजवत बसतं.

स्केलचं आता नीट सांगतो, कारण तुझी खरी भीती तीच दिसते.

ट्रान्सपोजचं बटण वाईट नाही. मोठमोठे वापरतात. पण ऑडिशनला त्याच्या भरवशावर जाऊ नकोस. तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी इंग्रजी अक्षरांत कॉर्ड पाठ केलेल्या पोरांकडे नसते: तू सरगममध्ये विचार करतोस. तेच वापर. गाण्याच्या कागदावर सी, एफ, जी असं लिहूच नकोस. सा ची कॉर्ड, म ची, प ची, ध ची मायनर, असं लिही. मग गायक काळी दोन म्हणाला तर कागद बदलायला लागत नाही. सा काळी दोनवर गेला की म काळी चारवर, प काळी पाचवर. तीन मुख्य कॉर्डची मुळं तिन्ही काळ्याच पट्ट्या. एकदा बोटांनी ओळखलं की काळी दोन पांढरी एकपेक्षा सोपी वाटायला लागते. खोटं वाटेल, पण बसून बघ.

बारा स्वरांत पाच गाणी तीन आठवड्यांत बसत नाहीत आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडचे पुरुष गायक बहुतेक पांढरी एक ते काळी दोन या चार पट्ट्यांत सापडतात, बायका पांढरी चारपासून काळी पाचपर्यंत. प्रत्येक गाणं सांगितलेल्या स्वरात पक्कं कर आणि त्याच्या एक पट्टी वर, एक पट्टी खाली एवढं रोज फिरव. रविवारी सकाळी ज्याचा घसा बसलेला असतो तो एकच पट्टी उतरतो, चार नाही.

आणि नावांचा घोळ. बेळगावात एकाच पट्टीला तीन नावं आहेत. जुना मराठी गायक म्हणणार काळी दोन, गिटारवाला म्हणणार डी शार्प, आणि कर्नाटक पद्धतीनं शिकून आलेला कन्नड गायक म्हणणार 'एरडूवरे', म्हणजे अडीच. तिन्ही एकच. त्यांच्या मोजणीत पांढऱ्या पट्ट्या एक ते सात आणि काळी ही आधीच्या पांढरीपेक्षा अर्ध्यानं जास्त: दीड म्हणजे काळी एक, अडीच म्हणजे काळी दोन, साडेचार म्हणजे काळी तीन, साडेपाच काळी चार, साडेसहा काळी पाच. हे एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या कोपऱ्यात चिकटव. मी पहिली दोन वर्षं चिकटवून ठेवली होती, त्यात लाज कसली.

पेटीवाल्याच्या दोन-तीन सवयी मात्र तुला मोडाव्या लागतील, आणि या मी ऑडिशनच्या टेबलाशी बसून लांबून ओळखतो. पहिली, डावा हात. सहा वर्षं तुझा डावा हात भाता मारतोय. कीबोर्डवर तो बसल्या बसल्या एक तर गप्प राहतो, नाही तर खर्जात जाऊन जाड कॉर्ड दाबून धरतो. बेस गिटार असेल तर खाली जाऊच नको, तिथं त्याचं घर आहे. डाव्या हाताने मधल्या सप्तकात तीन स्वरांची साधी कॉर्ड, एवढंच, पण वेळेवर. रोज पंधरा मिनिटं उजवा हात मांडीवर ठेवून फक्त डाव्याने पाचही गाणी वाजव. कंटाळा येतो. येऊ दे.

दुसरी सवय गायकाच्या मागोमाग चाल वाजवण्याची. भजनात ती साथच असते, गायकाला आधार होतो. बेळगावात पेटीच्या साथीला मोठा मान आहे. पं. रामभाऊ विजापुरे याच गावात हार्मोनियम वाजवत आणि शिकवत राहिले, त्यामुळे साथ म्हणजे काय हे कळणारे कान इथं भरपूर आहेत. पण ऑर्केस्ट्रात गायकाच्या तोंडावर कीबोर्डने तीच चाल वाजवली तर स्पीकरमधून दोन गायक गातायत असं वाटतं, आणि एखादी हरकत त्याने वेगळी घेतली की तुमची टक्कर होते. गायक गात असताना खाली कॉर्ड धर. ओळ संपली, श्वास घेतला, त्या फटीत चार स्वर टाक आणि परत खाली ये. प्रत्येक फट भरायचीही गरज नाही. एक भर, एक बासरीवाल्याला सोड, किंवा कुणालाच नको.

तिसरी लय. भजन रंगलं की लय चढते, चढलीच पाहिजे. ऑर्केस्ट्रात ती चढली की गायक दुसऱ्या अंतऱ्यात धापा टाकायला लागतो. मोबाइलमधल्या मेट्रोनोमवर प्रत्येक गाण्याचा वेग काढ, कागदावर आकडा लिही, आणि शेवटच्या मुखड्यातही तोच आकडा आहे का हे स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून तपास. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा वाईट वाटेल, सगळ्यांनाच वाटतं.

आणखी एक, ते सवयीत धरत नाही पण सांगतो: कीबोर्डमधली स्टाइल बंद ठेव. घरी एकट्याने वाजवताना तो आपोआप वाजणारा ताल बरा वाटतो. समोर जिवंत ढोलकी असताना एका पोराने ते बटण दाबलं होतं. मामांनी ढोलकी खाली ठेवली, हात जोडले आणि चहा प्यायला खाली गेले.

कन्नड गाण्याची काळजी तू उगाच मोठी केलीस. गदगच्या भीमसेन जोशींनी आपल्याला अभंग ऐकवले आणि तितक्याच हक्काने कन्नड दासपदंही, म्हणजे हरिदास संतांची पदं, गायली. कुमार गंधर्व तर आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. या भागात सूर कुठल्या भाषेचा हे विचारायची रीत पूर्वीपासूनच नाही. तुला वाजवायचंय, गायचं नाही. पण शब्द माहीत हवेत, नाही तर ओळ कुठं संपते हे कळत नाही आणि तुझे ते चार स्वर शब्दाच्या मधोमध पडतात. गाण्याचे बोल देवनागरीत लिहून काढ, जिथं श्वास आहे तिथं उभी रेघ मार. अडलेल्या शब्दाचा अर्थ घराशेजारच्या कुणालाही विचार, खानापुरात काय तोटा. तालमीतले शब्द मात्र कानावर असू देत. मुखड्याला ते पल्लवी म्हणतात, अंतऱ्याला चरण. 'चरणदिंद' म्हणजे अंतऱ्यापासून, 'मेलिंद' म्हणजे वरपासून, 'इन्नोंद सला' म्हणजे परत एकदा. तालीम मराठीतच चालते, पण कन्नड गाणं आलं की गायक नकळत कन्नडमध्ये सांगायला लागतो, आणि तेव्हा तू शेजारच्याचं तोंड बघत बसलास तर दोन मात्रा गेल्याच.

जुने लोक हमखास सहावं गाणं विचारतात, यादीत नसलेलं. सौंदत्तीच्या यल्लम्माचं एखादं चौंडक्यावरचं गाणं, एखादी लावणी, काहीही. तुला ते येतंय का हे त्यांना बघायचं नसतं. न येणाऱ्या गाण्यात तू काय करतोस ते बघायचं असतं. तेव्हा सगळं पकडायला जाऊ नको. पहिलं आवर्तन हात वर ठेवून ऐक, सा कुठं आहे ते बेसवरून ओळख, मग सा आणि प एवढेच दोन स्वर हलक्या आवाजात धर. मुखडा दुसऱ्यांदा आला की कॉर्ड सापडतात. "हे गाणं येत नाही" असं म्हणून गप्प बसलेला मी कधी घेतलेला नाही. "येत नाही, पण तुम्ही सुरू करा, मी येतो मागून" म्हणणारे दोघं घेतलेत, दोघंही अजून आहेत.

सामानाचं थोडक्यात. कीबोर्ड, स्टँड, अॅडॉप्टर, सस्टेन पेडल, पी-३८, म्हणजे जाड पाव इंची, जॅकच्या दोन केबल, एक एक्स्टेंशन बोर्ड. दोन केबल यासाठी की एक तिथंच दगा देते. तालमीच्या खोलीत मिक्सरला एकच वायर मिळाली तर ती डाव्या, मोनो लिहिलेल्या भोकात घाल. उजव्यात घातलीस तर पियानोचे निम्मे आवाज पोकळ येतात आणि तुला वाटतं आपला कीबोर्ड बिघडला. पाच गाण्यांचे आवाज क्रमाने साठवून ठेव, म्हणजे गाण्याच्या मधे बटणं शोधायला नकोत. पाच गाण्यांना मिळून सहा-सात आवाज खूप झाले. पिच बेंडचं चाक दोन पट्ट्यांवर असतं, ते तसंच राहू दे. मींड काढायची असेल तर ओळीत एकदा, प्रत्येक स्वर ओढू नकोस. शहनाईच्या आवाजावर तर अजिबात नको.

खोलीत पेटी असेल तर आधी तिच्याबरोबर स्वर जुळव. जुनी पेटी ४४०वर, म्हणजे कीबोर्डच्या नेहमीच्या मापावर, असेलच असं नाही. थोडी चढी असेल तर कीबोर्डचा मास्टर ट्यून ४४१, ४४२ असा हळूहळू वर ने आणि दोघांचा एकच लांब स्वर धरून ऐक, थरथर थांबली की जुळलं. हे न सांगता करणारा पोरगा दिसला की टेबलावरची माणसं एकमेकांकडे बघतात. निम्मं काम तिथंच होतं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी, या घरी बोलून जा. गणपतीचे दिवस, नवरात्र, मग जत्रा आणि लग्नसराई, बँडचा सगळा धंदा याच दिवसांत. म्हणजे घरच्या गणपतीच्या आरतीला तू नसणार, निपाणीला किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात असणार. तुझ्या भजनी मंडळालाही एकादशीला पेटीवाला लागतो, त्यांना आधीच सांग, ऐनवेळी तोंड लपवत फिरायची वेळ नको. नाइटचे किती, तालमीचे पैसे असतात का, गाडी कुठून सुटते आणि रात्री परत कुठं सोडते, हे घेतलं असं सांगितल्यावर विचार. ऑडिशनच्या आधी विचारू नकोस आणि घेतल्यावर न विचारता राहू नकोस. संकोच करून वर्षभर फुकट तालमी केलेले खूप बघितलेत. एकाने ऑडिशनलाच कुंद्याचा डबा आणला होता. तो आम्ही खाल्ला आणि त्याला घेतलं नाही. कुंदा निवड झाल्यावर आण.

आठ महिन्यांनी मी त्याच माडीवर परत गेलो होतो. या वेळी बटणाला हात लावायचा नाही असं ठरवून सगळी गाणी बोटांनी फिरवली होती. तिसऱ्या गाण्यात, पहिल्या अंतऱ्यात, लाइट गेली. मागही थांबले आणि खोलीत नुसती ढोलकी आणि गायकाचा उघडा आवाज राहिला. मी हात पट्ट्यांवर ठेवून आतल्या आत मोजत राहिलो, तोंडाने कॉर्डचे मूळ स्वर गुणगुणत. अंतरा संपता संपता लाइट आली. कीबोर्ड बंद पडून परत सुरू झाला की ट्रान्सपोज शून्यावर येतो, पण तो माझा शून्यावरच होता. एक पियानोचा आवाज सापडला तेवढ्यावर मुखड्याला आत शिरलो. मामा काही बोलले नाहीत. पुढच्या गाण्याआधी त्यांनी पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं, तोपर्यंत मी उभा राहूनच वाजवत होतो.

आजच्या रात्री एवढंच कर: पाचही गाण्यांचे गायक आणि त्यांच्या पट्ट्या विचारून एका कागदावर लिही. उद्यापासून डावा हात. आणि रविवारी खानापूरहून सकाळच्या गर्दीची बस पकडू नकोस, कीबोर्ड हातात घेऊन उभं राहता येत नाही. एखादी बस आधी ये, तालमीच्या जागेखाली चहा घे आणि माग कुठल्या लयीत चालतोय ते जरा ऐकत बस.